चीर देण्याआधी

आपत्कालीन विभागात गळू झालेला रुग्ण आला की त्याचे कागद सहसा विभागातल्या सर्वांत नव्या डॉक्टरच्या हातात जातात. छातीत दुखणारा, श्वास लागलेला, अपघातात सापडलेला रुग्ण ज्येष्ठांनी पाहायचा आणि गळू मात्र शिकाऊ हातांनी फोडायचे, अशी कामाची अलिखित वाटणी बहुतेक ठिकाणी असते. तिच्यामागचा विचारही समजण्यासारखा आहे: त्वचेखाली पू साठला आहे, तेव्हा चीर द्यायची, पू काढायचा, ड्रेसिंग करायचे आणि पुढच्या रुग्णाकडे वळायचे. या विभागात दीर्घकाळ काम केल्यावर माझे मत मात्र वेगळे झाले आहे. गळूच्या उपचारात चीर देणे हा सर्वांत सोपा भाग आहे. खाली खरोखर पू आहे का, असल्यास तिथे फक्त पूच आहे का, आणि ज्याच्या अंगावर आपण ब्लेड टेकवणार आहोत त्याची ती जागा पुरती बधिर झाली आहे का, हे तीन प्रश्न त्याहून कितीतरी अवघड आहेत, आणि घाईत नेमके तेच मागे पडतात.

गळूमध्ये नेमके काय घडते याची उजळणी आधी करायला हवी, कारण उपचारातला प्रत्येक निर्णय तिथून निघतो. केसाच्या मुळातून, खरचटलेल्या जागेतून किंवा सुईच्या छिद्रातून जंतू त्वचेखाली शिरतात. बहुतेक वेळा ते स्टॅफिलोकॉकस ऑरियस जातीचे असतात. त्यांचा सामना करण्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, मोठ्या संख्येने तिथे जमतात, जंतूंना गिळतात, स्वतःही मरतात, आणि मरताना त्यांच्यातून बाहेर पडणारी विकरे (एन्झाइम) आजूबाजूच्या ऊती विरघळवून टाकतात. या सगळ्याचा मिळून झालेला दाट द्रव म्हणजे पू. संसर्ग पसरू नये म्हणून शरीर त्याच्याभोवती आधी फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची आणि मग तंतुमय ऊतींची भिंत उभी करते. ही भिंत रुग्णाचे रक्षण करते आणि त्याच वेळी औषधाची वाटही अडवते. आत रक्तवाहिन्या नसतात, ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त असते, जंतूंची वाढही मंदावलेली असते. त्यामुळे रक्तातून येणारे अँटिबायोटिक आत पुरेसे पोचत नाही आणि जेवढे पोचते तेवढ्यालाही नीट काम करता येत नाही. साठलेल्या पूला वाट करून दिली पाहिजे, हा नियम अँटिबायोटिके येण्यापूर्वीपासून चालत आला आणि ती आल्यानंतरही टिकला, त्याचे कारण हे आहे.

पूमध्ये जंतू असतात ही गोष्ट आज सर्वांना ठाऊक असली, तरी ती ठामपणे दाखवून द्यायला १८८० साल उजाडावे लागले. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी एका तरुण रुग्णाच्या पायावरच्या गळूतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना त्यात गोल जंतूंचे घोस आणि माळा दिसल्या. मग त्यांनी एकामागून एक गळवे तपासली. गरम, ठणकणाऱ्या, वेगाने वाढलेल्या गळवांमध्ये हे जंतू सापडत गेले आणि सावकाश साचत आलेल्या थंड गळवांमध्ये सापडले नाहीत. घोसांनी राहणाऱ्या जंतूंना स्टॅफिलोकॉकस हे नाव पुढे त्यांनीच दिले. मला त्यांच्या कामातला हा थंड गळवांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो फरक आजही रुग्णाच्या अंगावर हात ठेवताच कळायला हवा, आणि तो न कळल्यास काय होते ते पुढे येईलच.

रुग्ण समोर बसतो तेव्हा जे दिसते ते बहुतेक वेळा सारखेच असते: लाल, गरम, सुजलेली, दुखरी त्वचा. सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेचा आणि तिच्याखालच्या मेदाचा पसरलेला संसर्ग, आणि गळू हे दोन्ही सुरुवातीला असेच दिसतात. सेल्युलायटिसमध्ये साठलेला पू नसतो. तिथे चीर दिली तर रक्त आणि थोडेसे पाणी याखेरीज काही हाती लागत नाही, रुग्णाच्या पदरी मात्र एक विनाकारण जखम पडते. उलट, गळूला सेल्युलायटिस समजून नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवले, तर तो रुग्ण दोन-तीन दिवसांनी अधिक ताप आणि अधिक मोठी पोकळी घेऊन परत येतो. सुश्रुतांनी सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आणि कच्ची सूज कापणारा व पिकलेलीकडे दुर्लक्ष करणारा अशा दोघांनाही सारखाच दोष दिला. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरला रोज दोन्ही बाजूंनी चुकण्याची शक्यता असते, आणि दोन्ही चुकांची किंमत रुग्णच मोजतो.

बोटांनी तपासणे इथे अजूनही पहिली पायरी आहे. एका हाताची दोन बोटे सुजेच्या दोन बाजूंना हलकेच टेकवायची, दुसऱ्या हाताच्या बोटाने मध्यभागी दाबायचे, आणि दाबलेला द्रव बाजूच्या बोटांना उचलतो का ते पाहायचे. हे एकाच दिशेत करून भागत नाही. आधीच्या दिशेला काटकोनात पुन्हा करावे लागते, कारण मोठा स्नायूही आडव्या दिशेत दाबला तर द्रवासारखा हलतो, उभ्या दिशेत मात्र हलत नाही. त्वचा मध्यभागी पातळ आणि चकचकीत झाली असेल, पिवळे टोक दिसत असेल, तर शंकेला जागाच उरत नाही. अडचण इतर ठिकाणी येते. पाठीची त्वचा जाड असते, नितंबाखाली मेदाचा थर खोल असतो, स्तनाच्या ऊती मुळातच मऊ असतात, आणि पू दोन-तीन सेंटिमीटर खाली असेल तर वरून नुसता कडकपणा लागतो. सुई घालून पू येतो का ते पाहण्याची पद्धतही जुनीच आहे. पू आला तर प्रश्न मिटतो. पण दाट पू बारीक सुईतून येत नाही, त्यामुळे सुई कोरडी आली म्हणून पू नाही असे म्हणता येत नाही.

सोनोग्राफी रुग्णाच्या खाटेशेजारी आली आणि हे चित्र खरोखर पालटले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेल्युलायटिसची लक्षणे असलेल्या १२६ रुग्णांमध्ये डॉक्टरांनी आधी आपला बेत नोंदवला आणि मग सोनोग्राफी केली. ७१ जणांच्या बाबतीत बेत बदलला. पू काढण्याची गरज नाही असे ज्या ८२ जणांबद्दल वाटले होते, त्यांतल्या ३३ जणांचा पू काढावा लागला, आणि गरज आहे असे वाटलेल्या ४४ पैकी १६ जणांची चीर टळली. हे आकडे मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो, कारण त्यांतून कुणाच्या कौशल्याची उणीव दिसत नाही, बोटांची मर्यादा दिसते.

पडद्यावर काय पाहायचे हे शिकायला फार दिवस लागत नाहीत. वरवरच्या ऊतींसाठीचा सपाट, लिनिअर प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, घ्यायचा, जेल भरपूर लावायचे, कारण दुखऱ्या जागेवर प्रोब टेकवणे म्हणजे दुखणे वाढवणे, आणि सुरुवात नेहमी शेजारच्या निरोगी त्वचेवरून करायची. निरोगी भागात त्वचा, मेद, स्नायूवरचे आवरण आणि स्नायू असे थर स्वच्छ वेगळे दिसतात. प्रोब सुजेकडे सरकवला की मेदाच्या करड्या गोळ्यांभोवती पाण्याच्या काळ्या रेषा उमटतात आणि सगळे चित्र दगडी फरसबंदीसारखे दिसू लागते. ती सूज असते, पू नव्हे, आणि ती संसर्गाशिवायही, उदाहरणार्थ हृदयविकाराने पाय सुजल्यावरही, दिसू शकते. पूचा साठा काळा किंवा गढूळ करडा दिसतो, त्याची कड वेडीवाकडी असते, आणि द्रवातून ध्वनिलहरी सहज पार जात असल्यामुळे त्याच्या मागचा भाग अधिक उजळ दिसतो. कधी पू इतका दाट असतो की तो भोवतालच्या ऊतींसारखाच भासतो. अशा वेळी प्रोबने अगदी हलका दाब द्यायचा आणि थांबून पाहायचे: आतले कण हलतात, वळतात, संथपणे एका कडेहून दुसऱ्या कडेला वाहतात. एकदा ही हालचाल पाहिली की पुन्हा चुकणे कठीण जाते. मांडीच्या मागच्या भागात अशीच कडक, लाल सूज असलेल्या एका रुग्णाला मी पडदा वळवून ती हालचाल दाखवली होती. चार दिवस गोळ्या घेऊनही दुखणे का थांबले नाही, हे त्याला माझ्या बोलण्यापेक्षा त्या पडद्यावरून लवकर कळले, आणि चीर देण्याला त्याने तत्काळ संमती दिली. पू त्वचेपासून किती खोल आहे, पोकळी किती लांब-रुंद आहे, तिच्यात पडदे आहेत का, हेही त्याच वेळी मोजून घेता येते, आणि मग ब्लेड किती आत जायला हवे याचा अंदाज बांधावा लागत नाही.

दुसरा प्रश्न, म्हणजे तिथे फक्त पूच आहे का, हा माझ्या मते पहिल्यापेक्षा गंभीर आहे. जांघेत, कोपराच्या आतल्या बाजूला, मानेत, काखेत, गुडघ्यामागे मोठ्या रक्तवाहिन्या असतात. शिरेतून नशा घेणाऱ्यांमध्ये किंवा त्या जागी पूर्वी सुई, कॅथेटर गेलेल्या रुग्णांमध्ये धमनीची भिंत फाटून तिच्याभोवती रक्ताचा फुगा तयार होऊ शकतो. त्याला संसर्गही झाला तर वरची त्वचा लाल, गरम आणि मऊ लागते, म्हणजे हुबेहूब गळूसारखी. एका तरुणाच्या जांघेतल्या अशा सुजेवर चीर द्यायची तयारी झाली होती, ट्रे उघडला होता, आणि शिकाऊ डॉक्टरने ठरल्या सवयीप्रमाणे प्रोब टेकवून रंगाचे, म्हणजे वाहते रक्त रंगांत दाखवणारे, बटण दाबले. काळ्या पोकळीत लाल आणि निळा असे दोन अर्धगोल एकमेकांभोवती, नाडीच्या ठोक्याबरोबर, फिरताना दिसले. ट्रे बाजूला ठेवला गेला आणि रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांना बोलावले गेले. त्या जागी ब्लेड गेले असते तर काय झाले असते, हे इथे लिहिण्याची गरज नाही. रंगाचे बटण दाबायला काही क्षण लागतात, आणि हे क्षण न देण्याचे कोणतेही कारण मला मान्य नाही. त्याच बटणाने सुजलेली लसिका ग्रंथीही ओळखता येते, कारण तिच्या मध्यभागी रक्तप्रवाह दिसतो आणि गळूच्या मध्यभागी कधीच दिसत नाही.

थंड गळवे ही आणखी एक सावधगिरीची जागा. मानेत किंवा पाठीच्या बाजूला सावकाश वाढलेली, न ठणकणारी, वरून गरम न लागणारी मऊ गाठ, तिच्याबरोबर वजन घटणे किंवा संध्याकाळचा ताप, असे असेल तर क्षयाचा विचार आधी करायला हवा. तिथे नेहमीसारखी चीर दिली तर जखम भरत नाही आणि महिनोन्‌महिने वाहत राहणारी वाट तयार होऊ शकते. नमुना सुईने, शेजारच्या निरोगी त्वचेतून तिरके जाऊन घ्यायचा आणि उपचार क्षयाच्या औषधांनी करायचा. बोटाच्या टोकावर दुखऱ्या, पाणी भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा पुंजका असेल तर तो नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो, आणि तो चिरल्याने नुकसानच होते. आणि ज्याची वेदना दिसणाऱ्या सुजेच्या मानाने फारच जास्त आहे, त्वचा जांभळट होत आहे, फोड येत आहेत, दाबल्यावर त्वचेखाली वायू कुरकुरतो आहे, तो रुग्ण गळूचा नसून ऊती सडवणाऱ्या संसर्गाचा असू शकतो. तो तासागणिक पसरतो. त्याच्यासाठी सोनोग्राफीच्या किंवा रक्ततपासणीच्या निकालाची वाट पाहायची नसते, शल्यचिकित्सकाला तत्काळ बोलवायचे असते.

आता तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत जवळचा आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपत्कालीन विभागातल्या नेहमीच्या प्रक्रियांमुळे होणाऱ्या वेदनेचे मूल्यमापन रुग्णांकडून आणि डॉक्टरांकडून स्वतंत्रपणे करून घेण्यात आले. रुग्णांच्या मते सर्वाधिक वेदनादायी ठरली ती नाकातून पोटात नळी घालणे, आणि दुसऱ्या क्रमांकावर होते गळूतला पू काढणे, मोडलेले हाड जागेवर बसवण्याच्याही वर. डॉक्टरांचा अंदाज आणि रुग्णांचा अनुभव यांचा मेळही नीट बसत नव्हता. आपण ज्याला किरकोळ काम म्हणतो ते समोरच्याच्या आठवणीत दीर्घकाळ राहते. काखेत पुन्हा गळू झालेली एक स्त्री माझ्यासमोर बसली तेव्हा तिने पू, ताप, जखम यांपैकी कशाबद्दलही विचारले नाही. मागच्या वेळेइतकेच दुखेल का, एवढाच तिचा प्रश्न होता, आणि त्या भीतीने तिने विभागात यायला कित्येक दिवस लावले होते.

बधिरीकरण इथे अवघड का जाते, याचे कारण रसायनशास्त्रात आहे. लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरते ते विद्युतभाररहित रूपात, आणि त्याचा पीकेए (ज्या पीएचला औषधाचा निम्मा हिस्सा भाररहित असतो तो आकडा) सुमारे ७.९ असल्यामुळे नेहमीच्या ऊतींतही त्याचा लहान हिस्साच तशा रूपात असतो. संसर्ग झालेल्या, आम्ल ऊतींत तो हिस्सा आणखी घटतो. पूच्या पोकळीत औषध टोचले तर त्याचा उपयोग जवळपास शून्य, आणि आतला दाब वाढल्याने वेदना मात्र जास्त. म्हणून औषध गळूत टोचायचे नसते, गळूभोवती टोचायचे असते: लालीच्या बाहेरच्या निरोगी ऊतींत चारही बाजूंनी वलय करायचे, आणि मग जिथे चीर द्यायची त्या रेषेवर त्वचेच्या अगदी वरच्या थरात सावकाश औषध सोडायचे, त्वचा पांढुरकी होऊन वर येईपर्यंत. आठ पूर्णांक चार टक्क्यांच्या सोडिअम बायकार्बोनेटचा एक भाग लिग्नोकेनच्या नऊ-दहा भागांत मिसळला तर टोचतानाची आग कमी होते. मात्रेचे भान ठेवावे लागते. साधे लिग्नोकेन किलोमागे साधारण ४.५ मिलिग्रॅमपर्यंत देता येते, म्हणजे ६० किलोच्या माणसासाठी एक टक्क्याच्या द्रावणाचे सुमारे २७ मिलिलिटर. ते पुरते, पण थांबावे लागते. टोचून झाल्यावर लगेच ब्लेड उचलण्याची सवय मी पाहत आलो आहे आणि तिच्याइतकी अनावश्यक वेदना देणारी सवय या विभागात दुसरी नसेल. पाच-दहा मिनिटे थांबावे, तोवर वेदनाशामक गोळीचा किंवा इंजेक्शनचा परिणाम होऊ द्यावा, चिमट्याने जागा तपासावी, आणि दुखत असल्यास पुन्हा औषध द्यावे. लहान मुले, मोठी गळवे आणि नाजूक जागा यांसाठी केटामीनसारखे गुंगीचे औषध देऊन, हृदय-श्वासावर लक्ष ठेवणारी यंत्रे लावून काम करणे हा चैनीचा भाग नाही. ज्याला दुखत आहे तो हलतो, हलणाऱ्या रुग्णावर डॉक्टर घाई करतो, आणि घाईत पोकळीतले पडदे तसेच राहून जातात. म्हणजे बधिरीकरण नीट न झाल्यास उपचारही अपुराच होतो.

चीर देण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. अकरा क्रमांकाचे टोकदार ब्लेड, त्वचेच्या नैसर्गिक रेषांना समांतर चीर, पू सहज वाहील आणि चिमटा आत फिरेल एवढी लांबी. त्याहून लांब चीर देण्याने लाभ होत नाही, व्रण मात्र मोठा राहतो. मग बोथट टोकाचा चिमटा आत घालून, उघडून, सर्व दिशांना फिरवायचा, कारण पोकळीत बहुधा पातळ पडद्यांनी वेगळे झालेले कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यातला पू निघायला हवा. नशेच्या सुया वापरणाऱ्यांच्या गळूत बोट घालू नये. तुटलेले टोक आत असू शकते. धनुर्वाताची लस कधी घेतली ते विचारावे.

पोकळी गॉजने घट्ट भरायची की नाही, यावर मात्र थोडे थांबायला हवे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ती भरत आलो आणि रुग्ण रोज येऊन ती पट्टी ओढून काढताना कळवळत राहिले. १८७१ साली राणी व्हिक्टोरियाच्या काखेतले गळू स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल येथे शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी चिरले, तेव्हा आत ठेवलेल्या कापडामुळे पू बाहेर येण्याऐवजी अडून राहिला. लिस्टर यांनी कार्बोलिक या जंतुनाशकाच्या फवाऱ्याच्या यंत्राची रबरी नळी कापून घेतली, ती रात्रभर कार्बोलिकमध्ये भिजवून जखमेत बसवली, आणि पू वाहू लागला. लहान, साध्या गळवांमध्ये पोकळी भरल्याने ती लवकर बरी होतात असे अलीकडच्या अभ्यासांतही दिसलेले नाही. वेदना वाढते, हे मात्र दिसले आहे. मी पाच सेंटिमीटरपेक्षा लहान गळू भरत नाही. मोठ्या गळूसाठी दोन टोकांना दोन छोट्या चिरा देऊन त्यांतून सिलिकॉनची पातळ दोरी ओवून सैल गाठ मारण्याची पद्धत मला आवडते. चिरा बुजत नाहीत, पू झिरपत राहतो, रुग्ण स्वतः ती दोरी रोज थोडी पुढे-मागे सरकवू शकतो, आणि आठवड्या-दहा दिवसांनी ती कापून काढताना काहीही दुखत नाही.

अँटिबायोटिके द्यावीत की नाहीत, याबद्दल माझे मत पुराव्यांनी बदलायला लावले. पू निघाला की औषधाची गरज नाही, असे आम्ही शिकलो होतो. अमेरिकेतल्या पाच आपत्कालीन विभागांत बाराशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पू काढल्यानंतर ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल हे अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी ८०.५ टक्के आणि औषधविरहित गोळी घेतलेल्यांपैकी ७३.६ टक्के बरे झाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गळवांमध्ये क्लिंडामायसिनने ८३.१, ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोलने ८१.७ आणि औषधविरहित गोळीने ६८.९ टक्के बरे झाले. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. औषधाचा फायदा खरा आहे. आणि दहातले सुमारे सात जण नुसता पू काढल्याने बरे झाले, हेही तितकेच खरे आहे. पहिल्या चाचणीच्या हिशोबाने एकाला जास्तीचा फायदा होण्यासाठी चौदा-पंधरा जणांना औषध द्यावे लागते, आणि त्यांतल्या काहींना जुलाब, पुरळ यांचा त्रास होणारच. ताप असेल, नाडी जलद असेल, भोवती सेल्युलायटिस पसरला असेल, मधुमेह किंवा प्रतिकारशक्तीची उणीव असेल, गळू चेहऱ्यावर किंवा हातावर असेल, तर मी विचार न करता औषध लिहितो. बाकीच्यांसमोर मी वरचा हिशोब मांडतो आणि निर्णय त्यांच्यासह घेतो.

काही पूचे साठे आपल्या ट्रेसाठी नसतातच. गुदद्वाराजवळ बाहेरून काही दिसत नाही, पण बसवत नाही, ताप आहे, आतून बोटाने तपासल्यावर एका बाजूला असह्य दुखते, तेव्हा पू खोल असतो आणि तो पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रियागृहातच काढायला हवा. बोट अर्धवट वाकलेले, सरसकट सुजलेले, स्नायुबंधाच्या आवरणावर सर्वत्र दुखरे, आणि सरळ करू जाताच कळ येणारे असेल, तर तो हाताच्या शल्यचिकित्सकाचा रुग्ण आहे. टॉन्सिलशेजारच्या गळूत तोंड उघडत नाही, आवाज घोगरा आणि भरलेला येतो, पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकललेली असते. हे गळू आपण सुईने रिकामे करू शकतो, पण मेंदूकडे जाणारी धमनी तिथून साधारण अडीच सेंटिमीटर मागे आणि बाहेरच्या बाजूला असते, म्हणून सुईचे टोपण कापून पुन्हा बसवायचे आणि एक सेंटिमीटरच सुई उघडी ठेवायची, म्हणजे हात चुकला तरी ती जास्त आत जाणार नाही. पाठदुखी, ताप आणि पायातली शक्ती जाणे ही तीन लक्षणे मणक्याच्या आत साठलेल्या पूची म्हणून शिकवली जातात, पण तिन्ही एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात. पायातली शक्ती जाईपर्यंत थांबलो तर ती परत येईलच असे नाही, म्हणून पाठदुखीबरोबर ताप एवढ्यावरच एमआरआयचा विचार करावा लागतो. पूला वाट द्यायचीच, या नियमालाही अपवाद आहेत. यकृतातला अमिबाचा साठा बहुतेक वेळा मेट्रोनिडाझोल या औषधानेच बरा होतो, आणि फुप्फुसातला पू अनेकदा श्वासनलिकेतून स्वतःच बाहेर पडतो.

रुग्णाला घरी पाठवताना दोन दिवसांनी जखम दाखवायला सांगावे. पू निघाल्यावर ठणका काही तासांतच उतरायला हवा; तो उतरला नसेल किंवा लाली चीर देताना आखलेल्या शाईच्या रेषेबाहेर गेली असेल, तर एखादा कप्पा राहिला आहे, आत काही टोचलेले आहे, किंवा निदानच वेगळे आहे, असे समजून पुन्हा प्रोब टेकवावा. रक्तातली साखर तपासावी, कारण अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे अशा गळूमुळेच पहिल्यांदा कळते. आणि ज्याच्या काखेत किंवा जांघेत ही तिसरी-चौथी वेळ आहे, त्याची दुसरी काख, दुसरी जांघ, स्तनांखालची त्वचा उघडून पाहावी. तिथे जुने दोरीसारखे व्रण, जोडीने असलेले काळे ठिपके, त्वचेखाली एकमेकांना मिळालेल्या वाटा दिसल्या, तर ते साधे गळू नसून हायड्राडेनायटिस सपुरेटिव्हा असण्याची शक्यता मोठी. हा केसांच्या मुळांचा दीर्घकालीन दाहविकार आहे, अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही, आणि कित्येक वर्षे वेगवेगळ्या आपत्कालीन विभागांत चिरा घेत राहिल्यावरच बहुतेकांना त्याचे नाव कळते. अशा रुग्णाला चिरेने त्या रात्रीपुरता आराम मिळतो, पुढचे गळू थांबत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडची दीर्घ मुदतीची औषधे लागतात. म्हणून ड्रेसिंग झाल्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी लिहावी, आजाराचे नाव रुग्णाला स्पष्ट सांगावे, आणि हे त्याच्या अस्वच्छतेने झालेले नाही हेही त्याच वेळी सांगावे, कारण बहुतेकांना तोवर त्याच्या उलट सांगितले गेलेले असते.